मामा, पुढची!

पुणे-लोणावळा लोकलमध्ये शनिवारी सकाळी एखादे गृहस्थ मांडीवर बॅग आणि बॅगेवर दोन्ही हात ठेवून बसलेले दिसले आणि त्या बॅगेवर ‘दोनदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र’ असं छापलेलं असलं, तर समजावं की आपल्यासमोर पीपीटीसर बसले आहेत. बॅगेत लॅपटॉप असतो, लॅपटॉपमध्ये भाषण असतं. तेच भाषण गळ्यातल्या पेनड्राइव्हमध्ये असतं, पाकिटातल्या दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये असतं, स्वतःच स्वतःला पाठवलेल्या ईमेलमध्ये असतं आणि एक प्रत घरी सौंच्या ताब्यात असते. नसतं ते फक्त सरांच्या जिभेवर.

सरांचा विषय इतिहास. भाषण एकच, ‘मावळातील लेणी : एक चिकित्सक अभ्यास’. भूगोलवाल्यांनी बोलावलं की ते ‘लेणी आणि पर्यावरण’ होतं. वाणिज्य शाखेत गेलं की ‘लेणी : पर्यटनातील संधी व आव्हाने’. अलीकडे ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि लेणी’ या नावानं ते बरंच फिरलं. बदलते ती पहिली स्लाइड. उरलेल्या ८५, लेण्यांसारख्याच अढळ आहेत.

सरांना एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत निबंध सादर करण्याचे गुण ठरवून दिले आहेत. परदेशातली आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर ७, देशातल्या देशात आंतरराष्ट्रीय असेल तर ५, राष्ट्रीय असेल तर ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरची असेल तर २. ऐकणाऱ्याला काही कळलं तर किती, असा रकाना त्यात नाही. त्यामुळे उद्घाटनाच्या वेळी काठमांडूहून कुणी दोन मिनिटं ऑनलाइन शुभेच्छा दिल्या की लोणावळ्यातली परिषद आंतरराष्ट्रीय होते आणि तिनाचे पाच होतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चर्चासत्रं पडतात ती वेगळी.

परिषदेची जागा म्हणजे एखाद्या रिसॉर्टचा हॉल. बाहेर डोंगरावरून धबधबे कोसळत असतात आणि पडद्यावर नीट दिसावं म्हणून आत सगळे पडदे ओढलेले असतात. चहा, उपमा, नोंदणी, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, बीजभाषण. मग जेवण. जेवणानंतर निम्मं सभागृह भुशी धरणाकडे ‘क्षेत्रभेटीला’ निघून जातं. उरतात ते सत्राध्यक्ष, प्रमाणपत्राशिवाय घरी जाता येत नाही असे संशोधक विद्यार्थी, छत्री विसरलेले दोघे-तिघे आणि लॅपटॉपपाशी बसवलेले शिपाईमामा. या घटकेला सूत्रसंचालक मॅडम जाहीर करतात, “आता आपल्यासमोर येत आहेत साधनव्यक्ती म्हणून...”

सर उठतात. पहिली पाच मिनिटं वायरींची. यांची एचडीएमआय असते, त्यांचं व्हीजीए असतं. पडदा निळा होतो, काळा होतो, मग त्यावर सरांच्या लॅपटॉपचं घरगुती रूप उमटतं. नातवाचा फोटो, विजेचं बिल, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरं’. अखेर भाषण उघडतं, पण जुन्या फॉन्टातलं. या संगणकात तो फॉन्ट नसल्यामुळे सातवाहनांच्या जागी कंस, टिंबं आणि टक्क्यांची चिन्हं उमटतात. ब्राह्मी लिपी वाचणारा माणूस सापडेल, पण ही वाचणारा सापडायचा नाही. मग पाकिटातला पेनड्राइव्ह निघतो. सरांची दूरदृष्टी अशी कामी येते.

“मामा, पुढची!”

पहिल्या स्लाइडवर गणपती आणि त्याखाली भाषणाचं नाव. दुसरीवर कॉलेजची इमारत, तिसरीवर संस्थेचे संस्थापक, चौथीवर प्राचार्य, पाचवीवर ऋणनिर्देश, सहावीवर अनुक्रम. सातवीवर ‘लेणे म्हणजे काय?’ इथून सर श्रोत्यांकडे पाठ करतात आणि भिंतीवरचं मोठ्यानं वाचू लागतात. अक्षरं हिरव्यावर पिवळी, एकेका स्लाइडवर सतरा ओळी. “हे मागच्यांना दिसत नसेल,” असं सर प्रामाणिकपणे सांगतात आणि पुढे वाचतात. कितीतरी जणांना सरांचा चेहरा आठवत नाही, पण टक्कल ते कुठेही ओळखतील. अक्षरं एकेक करून डावीकडून उडत येतात. सातवाहनांनी जेवढा काळ राज्य केलं, जवळजवळ तेवढ्याच काळात त्यांचं नाव पडद्यावर उतरतं. लेझरचा लाल ठिपका छतावर, पंख्यावर आणि मधूनच सत्राध्यक्षांच्या कपाळावर फिरून येतो.

मध्येच कार्ल्याच्या चैत्यगृहाचा फोटो येतो. इंटरनेटवरून उतरवलेला, धूसर, त्यावर फोटो विकणाऱ्या कंपनीचं नाव तिरकं छापलेलं. खरं चैत्यगृह त्या हॉलपासून दहा-अकरा किलोमीटरवर भर पावसात उभं असतं.

बाराव्या स्लाइडला सत्राध्यक्ष चिठ्ठी पाठवतात, ‘दोन मिनिटे’. सर ती वाचतात, कौतुक झाल्यासारखे हसतात आणि खिशात ठेवतात. दुसरी चिठ्ठी आली की मात्र घोडदौड सुरू होते. “वेळेअभावी हे सोडतो... हे आपण घरी वाचा... हा तक्ता फार महत्त्वाचा आहे, पुढची... मामा, पुढची, पुढची, पुढची!” निष्कर्षाची स्लाइड क्षणभर दिसते आणि जाते. ८६व्या स्लाइडवर गोल गोल फिरणारा गुलाब आणि ‘धन्यवाद’. इथे सर शांतपणे थांबतात. साऱ्या भाषणात एवढी एकच स्लाइड पुरेसा वेळ पडद्यावर असते.

एकदा ऐन भाषणात वीज गेली. आता तरी सर आमच्याकडे वळून चार शब्द बोलतील, अशी सभागृहाला आशा वाटली. अंधारातून आवाज आला, “या स्लाइडवर डाव्या बाजूला एक चौकट आहे. चौकटीत पाच मुद्दे आहेत. मुद्दा क्रमांक एक...” वीज येईपर्यंत सरांनी अशा सहा स्लाइड दाखवल्या.

या भिंतीच्या ओढीमागे एक जुनी जखम आहे. तरुणपणी एका वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं भाषण ते मध्येच विसरले होते आणि शेवटी ‘एवढे बोलून’ म्हणून उतरले, तेव्हा प्रत्यक्षात फारसं काही बोलून झालेलंच नव्हतं. “माणूस विसरतो हो, भिंत विसरत नाही,” ते म्हणतात. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं. त्याच वर्षी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी तांदूळ बाहेर पडला. दोन्ही चिकट आणि दोन्ही मावळात घरोघर पोचले. पण इंद्रायणी ताटात यायच्या आधी शिजवतात. सर मात्र सगळं कच्चंच वाढतात. अनुक्रमाच्या स्लाइडपासून संदर्भसूचीपर्यंत जे जे सापडलं, ते ते पडद्यावर.

मावळाला ऐकण्याचा कंटाळा आहे, असं म्हणायची सोय नाही. इथे गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. कीर्तनकार एक अभंग घेतात आणि त्यावर दोन तास बोलतात. दिवसभर भातलावणी करून आलेली माणसं मांडी घालून बसतात आणि उठत नाहीत. सर पंधरा मिनिटांत ८६ विषय घेतात आणि तरी माणसं उठतात. कीर्तनकारांजवळ भिंत नसते, समोर चेहरे असतात. एखादा डोळे मिटताना दिसला की ते दृष्टान्त काढतात. सरांना डोळे मिटलेले दिसत नाहीत, कारण त्यांचं तोंड पलीकडे.

आणि खुद्द कार्ल्याला जाऊन पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींना एवढं कळत होतं. ते लांबच लांब दालन, त्यात उजेड यायला समोर एक भली मोठी कमान आणि तो उजेड जाऊन पडतो एकाच गोष्टीवर, स्तूपावर. नजर दुसरीकडे जाऊच नये. खांबांवर लेख आहेत, पण एका लेखात एकच गोष्ट. नाव, गाव, ‘हा खांब दिला’, संपलं. धेनुकाकटाचे यवनसुद्धा त्यात आले, पण कुणी स्वतःच्या गावाच्या नगराध्यक्षांचे आभार मानत बसलं नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीला मोठेपणा मिरवायचा होता, तर त्यानं हे दगडी घर जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं लिहून टाकलं. तेही एका ओळीत. सरांनी या सगळ्या लेखांवर एक स्लाइड केली आहे. तिच्यावर सगळे लेख आहेत.

एकदा मात्र सर वेगळेच दिसले. परिषद आटोपून आम्ही मळवली स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर लोकलची वाट पाहत होतो. पाऊस मी म्हणत होता. लॅपटॉप भिजू नये म्हणून त्यावर बॅग, बॅगेवर शाल, शालीवर प्लास्टिक अशी व्यवस्था झालेली. चहावाल्यानं सहज विचारलं, “काय ओ सर, त्या लेण्यात आत एवढं बघण्यासारखं काये? आम्ही आपलं एकवीरेचं दर्शन घेतो आन् माघारी येतो.”

सरांनी इकडेतिकडे भिंत शोधली. नव्हती. मग त्यांनी चहाचा रिकामा ग्लास पालथा घातला. “हा स्तूप.” काड्यापेटीतल्या काड्या बिस्किटांच्या फटीत उभ्या केल्या. “हे खांब. दोन्हीकडे पंधरा-पंधरा.” मोबाइलची बॅटरी लावली, दुसऱ्या हाताच्या बोटांची कमान केली आणि उजेड ग्लासावर पाडला. टपरीच्या अंधारात तो ग्लास एकदम झळकला. चहावाल्याचा ओतणारा हात तसाच थांबला.

“आता वर बघायचं,” सर म्हणाले. “छत दगडाचं. डोंगरातच कोरलेलं, ते पडणार कुठं? तरी त्याला सागवानी फासळ्या लावल्यात. लाकूड दोन हजार वर्षांचं आहे आणि अजून तिथंच आहे. कशाला लावलं असेल?”

“आधाराला?” चहावाला म्हणाला.

“डोंगराला लाकडाचा कसला आधार? आधी अशी घरं लाकडाची बांधायचे. हात दगडावर आले, पण फासळ्यांशिवाय घर पुरं झालं असं कारागिरांना वाटेना. गरज नव्हती हो, सवय होती!”

लोकलची वाट पाहणारी आठ-दहा माणसं एव्हाना भोवती गोळा झाली होती. एकानं विचारलं, खांबांवर हत्ती आहेत ते खरं का? दुसऱ्यानं विचारलं, सकाळी जावं की दुपारी? सरांना परिषदेत आजवर एकच प्रश्न विचारला गेला होता, ‘पीपीटी मिळेल का?’ इथे त्यांना उत्तरं देताना उसंत मिळेना. लोकल आली, गेली. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

मी म्हटलं, “सर, हेच दुपारी हॉलमध्ये का नाही सांगितलंत?”

सरांनी शालीखालचा लॅपटॉप चाचपला. “हॉलमध्ये कसं सांगणार? हे स्लाइडवर कुठं होतं?”

माझं बोलणं मात्र त्यांच्या मनात राहिलं असावं. पुढच्या पावसाळ्यात त्याच हॉलमध्ये त्यांचं भाषण झालं, तेव्हा स्लाइड ८७ होत्या. ४३व्या स्लाइडवर मथळा होता, ‘चहाची टपरी : एक अनुभव’. खाली पाच मुद्दे, हिरव्यावर पिवळ्या अक्षरांत. सर आमच्याकडे पाठ करून वाचू लागले, “मुद्दा क्रमांक एक, ग्लास पालथा घालणे. मुद्दा क्रमांक दोन, काड्या उभ्या करणे. मुद्दा क्रमांक तीन, श्रोत्यांकडे पाहून बोलणे. मामा, पुढची!”