टाकीचा कॉक बंद करणाऱ्या घरमालकास

श्री. घरमालक,
सिंहगड रस्ता परिसर, पुणे.

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची पद्धत आहे. तुमची खुशाली मला विचारायची नाही. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई सोमवारपासून पाण्याचे जार विकत घेऊन जिन्याने वर चढवताहेत. त्यांची मुलगी दहावीला आहे आणि मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा आहे. हे सगळं ठाऊक असताना तुम्ही गच्चीवर गेलात आणि त्यांच्या नळाचा कॉक बंद करून खाली आलात. दोन ओळींची सहीची नोटीस लिहायला हात उठला नाही, कॉक फिरवायला मात्र उठला.

मीही घरमालकीण आहे. माझ्या दोन खोल्या भाड्याने आहेत. त्यामुळे ‘तुम्हाला काय कळतंय’ हे उत्तर माझ्यापुढे चालणार नाही. घर तुमचं आहे. ते परत मागण्याचा, भाडं वाढवून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो बजावायची वाट कायद्याने आखून दिली आहे. ती वाट सोडून तुम्ही दांडगाई निवडलीत, म्हणून हे पत्र.

तुमचं म्हणणं गल्लीत सगळ्यांनी ऐकलंय: ‘करार तोंडी होता, महिन्या-महिन्याचा होता, मी केव्हाही मोडीन.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ तुम्ही कधी वाचलंय? भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची नाही, तुमची. नोंदवला नाहीत तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात पुढे म्हटलंय की असा करार नसेल, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं. ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. बाई म्हणतात, ‘मुलीची दहावी होईपर्यंत राहा, असं त्यांनीच सांगितलं होतं.’ करा आता सिद्ध! कागद नको, कारण कागद केला की भाडं दिसतं, कर दिसतो. रोख घ्यायचं आणि पावती द्यायची नाही, हा तुमचा हिशेब. त्या हिशेबात तुमचा स्वतःचा पुरावाही तुम्ही बुडवलात.

भाडं ९,००० वरून एकदम १२,००० करायचं होतं, म्हणून हे सगळं झालं, हेही गल्लीला माहीत आहे. नोंदवलेला अकरा महिन्यांचा करार असता, तर तो संपताना समोरासमोर बसून नवा आकडा ठरवता आला असता. पटला नसता तर बाई निघाल्या असत्या. कागद नसल्यामुळे आता त्या ‘मी भाडेकरू आहे’ म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या, तर याच कायद्यात भाडेवाढ वर्षाला चार टक्के आहे. ९,००० वर ३६० रुपये. आणि भाडं वेळेवर भरणाऱ्या भाडेकरूला हलवायचं तर कायद्यात दिलेलं सबळ कारण कोर्टाला पटवावं लागतं. ‘मला जास्त देणारा मिळालाय’ हे त्यांतलं कारण नाही.

घरमालकांची भीती खोटी आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. पेठांतल्या वाड्यांची डागडुजी त्या भाड्यात होईना आणि भाडेकरूही हलेनात. भिंतींना टेकू लावून राहिलेली माणसं आणि हात टेकलेले मालक पुण्याने दोन्ही पाहिलेत. म्हणून तर १९९९ च्या कायद्यात कलम २४ आहे: लायसन्सची मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर घरमालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, लेखी करार तिथे निर्णायक पुरावा ठरतो, आणि जागा अडवून बसलेल्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. एवढं संरक्षण आपल्याला मिळालंय. त्यासाठीचा करार नोंदवायला अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, चहा होईपर्यंत काम उरकतं. तुम्ही त्याला घरात घेतलं नाहीत.

आणि व्हॉट्सॲपवर ‘आठ दिवसांत खोली रिकामी करा’? मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदासुद्धा महिन्याच्या भाडेकराराला १५ दिवसांची लेखी, सहीची नोटीस मागतो. इंग्रजांच्या काळात जेवढी मुदत लिहून ठेवली, तेवढीही तुम्हाला देववली नाही. नोटिशीने खोली रिकामी होत नाही, हेही समजून घ्या. माणूस निघाला नाही तर आदेश आणावा लागतो. सामान बाहेर काढायची धमकी तुम्ही दिलीत; तसं केलंत, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून बाई ताबा परत मागू शकतात, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघत नाही. पाणी तोडणं तर १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे गुन्हाच आहे.

तुमच्यासारख्यांमुळे आम्हा बाकीच्यांना भाडेकरू संशयाने बघतात. डिपॉझिट देताना त्यांचा हात थरथरतो, कारण ‘रंगकाम’ म्हणून ते गिळलं जाईल हे त्यांनी कुठेतरी भोगलेलं असतं. मला त्याचा राग आहे, आणि तो लपवायचं मला कारण नाही.

तेव्हा आज संध्याकाळच्या आत कॉक उघडा. दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंतची मुदत, तोवरचं भाडं आणि ३०,००० रुपये डिपॉझिट परत करण्याची तारीख कागदावर घाला आणि तो कागद नोंदवा. नोंदणी करून देणाऱ्या एजंटचा नंबर माझ्याकडे आहे. हे होणार नसेल, तर बाईंचा पोलिसांना द्यायचा अर्ज तयार आहे. बंद कॉकचे फोटो आणि तुमचा मेसेज त्याला जोडला आहे, आणि साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

तुमच्याच गल्लीतली एक घरमालकीण