पाणी खाणारं शहर

कोलकात्यात पाणी खातात. चहा खातात, सिगारेट खातात, संध्याकाळी गंगेच्या घाटावर हवा खातात आणि मुकाही खातात. ‘जॉल खाबेन?’ या साध्या पाहुणचाराला मराठी माणूस मनातल्या मनात हसतो: एवढी साहित्यवेडी माणसं, आणि यांना पिण्याला क्रियापद नाही! वास्तविक ‘पान करा’ बंगालीत आहेच. पण ते राहतं सोवळ्यात, पुस्तकांत आणि धूम्रपानबंदीच्या पाट्यांवर. घरात सगळं ‘खाओया’. शिवाय हसणाऱ्याने आधी आपलं ताट पाहावं. आपण मार खातो, बोलणी खातो, गटांगळ्या खातो, भाव खातो, दुसऱ्याचं डोकं खातो आणि वेळप्रसंगी शेणही. (शेवटचं सोडलं तर) यातलं काहीच चावता येत नाही. मग पाण्यानेच काय घोडं मारलं?

इंग्रजीचा कैवारी म्हणेल, नेमकेपणा साहेबाकडे: ‘ईट’ वेगळं, ‘ड्रिंक’ वेगळं, ‘स्मोक’ वेगळं. मान्य, फक्त साहेब बशीतलं सूप ‘ईट’ करतो ते विसरायचं. आणि त्याचं ‘टेक’? औषध, फोटो, टॅक्सी, अंघोळ, रुसवा, सगळं त्या एका क्रियापदावर; चाळीतल्या एकुलत्या एका नळासारखं. आपल्याकडे हा भार ‘घेणे’ वाहतं: चहा घेणे, गोळी घेणे, मुका घेणे. कर्म गाळून नुसतं ‘घेता का?’ विचारलं, तर कुणी लिंबूसरबताची वाट पाहत नाही. कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या विल्यम केरीने १८०१ साली बंगालीचं आणि १८०५ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. ‘टेक’ घेऊन आलेल्या त्या साहेबाच्या एका बाजूला ‘खाओया’ होतं, दुसऱ्या बाजूला ‘घेणे’.

आता कुणी म्हणेल, ही तुलना लंगडी आहे. बंगाली माणूस अंघोळ किंवा फोटो थोडाच खातो? नाही खात, आणि तिथेच त्याची शिस्त दिसते. जे अंगात जातं किंवा अंगावर येतं, तेवढंच तो खातो: पाणी, धूर, बोलणी, ठेच. ‘टेक’ला एवढीही शिस्त नाही, साहेबाचा विद्यार्थी परीक्षासुद्धा ‘टेक’ करतो, आपला आणि बंगाल्यांचा बिचारा ती देतो. लाचेपाशी मात्र मराठीची खरी पंचाईत होते. साहेब ती ‘टेक’ करतो, बंगाली सरळ खातो. आपल्याकडे बातमीत अधिकारी लाच घेताना सापडतो आणि कट्ट्यावर त्याच अधिकाऱ्याने पैसे खाल्लेले असतात.