रेडिओला फुटलेल्या मिशा

अण्णांनी आम्हां भावंडांवर कधी हात उगारला नाही. आमच्या वाटचा सगळा मार कपाटावरच्या ट्रान्झिस्टरने खाल्ला. ऐन बातम्यांच्या वेळी तो मुका झाला, की अण्णा उठत, त्याच्या उजव्या कुशीवर एक चापट ठेवून देत, आणि पुणे केंद्र अर्ध्या वाक्यापासून बोलू लागे. चापटीची जागाही ठरलेली होती. एखाद्या पाहुण्याने उत्साहाने डावीकडून मारली, तर खरखरसुद्धा येत नसे. “नाही जमायचं तुम्हांला,” असं अण्णा फार समाधानाने म्हणत.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेल्यावर मी या प्रकाराला अडाणीपणा म्हणालो होतो. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओला मारली.

यंदा माळा आवरताना तो सापडला. आता अण्णा नाहीत आणि मी निवृत्त आहे, त्यामुळे तो उघडायला कुणाची हरकत नव्हती. आत जुने सेल फुटून हिरवट-पांढरा थर साचला होता. खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि जुना टूथब्रश यांनी तो निघाला. आवाजाच्या बटणात क्लीनर मारून ते वीसेक वेळा पिळलं. सुकलेले कपॅसिटर बदलायचे म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्या हातातला नमुना उजेडात धरून पाहिला आणि “घरात अजून आहेत का असे?” असं विचारलं. मला वाटलं, त्याला विकत हवे आहेत. त्याला फक्त काळजी वाटली होती.

नवीन कपॅसिटर बसवले, डाग दिले, सेल घातले. शांतता. चापट मारून पाहिली. मीही आता पाहुणाच ठरलो.

मग कळलं ते असं. आत एएफ ११७ नावाचे तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. साठच्या दशकातल्या रेडिओंमध्ये हे सर्रास असत. त्यांच्या धातूच्या टोपीत, आतल्या बाजूने, काही वर्षांनी कथिलाचे केस उगवतात. खरेच केस, माणसाच्या केसाहून कितीतरी पट बारीक. नासाच्या संशोधकांनी याच घराण्यातले ट्रान्झिस्टर उघडून त्यांचे फोटो काढले आहेत. इंग्रजीत या केसांना मिशाच म्हणतात. अशी एखादी मिशी वाढत वाढत आतल्या तारेला टेकली, की सिग्नल टोपीतून थेट जमिनीला मिळतो आणि रेडिओ गप्प बसतो. टिचकी मारली तर मिशी हलते, कधी तुटते, आणि रेडिओ पुन्हा बोलतो.

म्हणजे अण्णा इतकी वर्षं त्याची दाढी करत होते.

यावर इलाज मोठा कठोर आहे. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात आणि चौथा फक्त टोपीला जोडलेला असतो. तो कापायचा. टोपी जमिनीपासून सुटली, की मिशी टेकली तरी सहसा बिघडत नाही. मी देवाचं नाव घेऊन तीन पाय कापले.

बटण फिरवलं. आवाज आला! पण त्याच्यावर अशी घरघर, की निवेदक पिठाच्या गिरणीत बसलाय असं वाटावं. दोन दिवस मी पुन्हा डाग दिले, कॉइलच्या स्क्रूंना हात लावला (लावू नये, सगळे सांगतात), शेवटी वैतागून दिवा मालवला आणि निजायला निघालो. घरघर थांबली. दोषी होता डोक्यावरचा एलईडी बल्ब. आतल्या स्वस्त सर्किटचा कचरा तो थेट मीडियम वेव्हवर टाकत होता.

तेव्हापासून आम्ही बातम्या अंधारात ऐकतो. पहिल्या दिवशी आतल्या खोलीतून आईने विचारलं, “लाइट गेली का रे?”

“नाही, बातम्या लागल्यात.”

ती चाचपडत येऊन शेजारी बसली. मध्येच आवाज जरासा खाली बसला. मी अंधारात स्क्रू ड्रायव्हर शोधू लागलो, तोवर आईचा हात रेडिओच्या उजव्या कुशीवर पडला होता.