हैदराबादच्या फिल्मनगरातल्या खलनायक-निवड मंडळींस



'जय हनुमान' जाहीर केलात, मारुतीरायाच्या भूमिकेत ऋषभ शेट्टी आहेत, हेही कळलं. पण त्यांच्यासमोर उभं कोणाला करणार? ही काळजी काचीगुड्यातल्या आम्हा मराठी प्रेक्षकांनाच. तुम्हाला व्हीएफएक्समधून सवड कुठली!

याआधी, 12 जानेवारी 2024 ला आलेल्या 'हनुमान'मध्ये तुम्ही खलनायक म्हणून सौराष्ट्राचा मायकल आणलात. सुपरहिरोला आईबाप नसतात, एवढं हेरून पोरगं स्वतःच्या आईबापांच्या जिवावर उठलं! बॅटमॅनचं पारायण इतक्या श्रद्धेनं कुणी केलं नसेल. कल्पना फक्कडच. पुढे मात्र त्याला यांत्रिक चिलखतात कोंबलंत; माणूस संपला, हार्डवेअर उरलं. रावण सुचवत नाही, त्या बिचाऱ्याला सध्या तारखाच नसतील.

आता जरा घरात बघा. आमच्या पिढीचा 'चांदोबा' हा मासिक अंक (मराठीत 1952 पासून) नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांचा. त्याच जोडीच्या विजया प्रॉडक्शन्सनं 1951 मध्ये 'पाताळ भैरवी' काढला. मद्रासेत, पण माणसं तुमचीच, तेलुगू. त्यात एस. व्ही. रंगारावांचा नेपाळी मांत्रिक आहे. त्याला देवीपुढे एक शूर तरुण बळी द्यायचाय, मोबदल्यात मागेल ते देणारी मूर्ती. त्या तरुणानं, माळ्याच्या पोरानं, उलट मांत्रिकालाच बळी दिलं. चेल्यानं संजीवनी लावून उठवलं, तर गडी पुन्हा मूर्तीच्या मागे! आणि शेवटी हरला कशानं? राजकन्येला आवडावं म्हणून दाढी उतरवली, दाढीबरोबर विद्याही गेली. जगातल्या कुठल्या कॉमिकवाल्याला असं मरण सुचलंय? मांत्रिकाला राज्य हवं होतं, राजकन्या हवी होती, शिवाय आरशात बरं दिसायचंही होतं. मायकलला नुसती शक्ती हवी. ती तर वीज मंडळालाही हवी असते.

नट बाहेरून आणायची गरज नाही. सातारच्या सयाजी शिंद्यांना तुम्ही 'टागोर'पासून (2003) राबवताच आहात. आमचा माल, तुमचा गल्ला. आमची तक्रार नाही. त्यांना एक कमंडलू द्या, एक गुहा द्या, आणि बोलू द्या. तो आवाज आला की पार्श्वसंगीताचा अर्धा खर्च वाचेल.

एवढं कराच. दाढी डिंकानं चिकटवलेली चालेल, संगणकावर उगवलेली मात्र नको.

आपला,
पूर्ण तिकीट काढणारा एक प्रेक्षक, काचीगुडा