डिग्री बदलून देणाऱ्या गाईडकारांस

श्री. रा. रा. गाईडकार महोदय यांसी,



माझ्या वर्गातली मुले इंग्रजीचे पाठ्यपुस्तक घरी विसरतात, आपले गाईड मात्र कधीच विसरत नाहीत. एवढी निष्ठा फार थोड्या ग्रंथकारांच्या वाट्याला येते. आपले मनःपूर्वक अभिनंदन. ‘डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन’ या प्रकरणाबद्दल तर आपले विशेष आभार मानायचे आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुलना करायची म्हणजे किती कटकट! आधी दोन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या, मग कोणती लांब, कोणती जड, कोणती गोड ते ठरवायचे, मग बोलायचे. आपण ही सगळी दगदग एका चौकटीत मिटवून टाकलीत. वाक्य ‘नो अदर’ने सुरू झाले की पॉझिटिव्ह, ‘दॅन एनी अदर’ दिसले की कम्पॅरेटिव्ह, ‘द’च्या मागोमाग ‘एस्ट’ आले की सुपरलेटिव्ह. ‘व्हेरी फ्यू’ला ‘वन ऑफ द’ची जोडी. चौकट पाठ, मार्क खिशात. वाक्यात लोखंड आहे की मुंबई, हे बघायची गरजच उरली नाही.

आपल्या चौकटीचे फळ मी रोज पाहते. नववीतली एक मुलगी ‘आयर्न इज द मोस्ट यूसफुल मेटल’ हे वाक्य तिन्ही डिग्रींत भराभर फिरवून दाखवते. एकदा तिच्यापुढे टेबलावर दोन खडू ठेवले, एक अख्खा आणि एक झिजलेला, आणि इंग्रजीत बोल म्हटले. ती बराच वेळ खडूंकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, ‘धिस इज मोअर लाँग.’ चौकटीत खडू नव्हते ना! हुशार मुलगी आहे हो ती. मराठीत विचारले असते तर ‘हा त्याच्यापेक्षा लांब’ हे तिने मान वर न करता सांगितले असते.

‘एनी अदर’मधला तो ‘अदर’ आपण ठळक टाइपात छापलात, त्याबद्दल ऋणी आहे. तो का हवा, हे मात्र आपण प्रेमाने गुपित ठेवलेत. ‘रमेश इज टॉलर दॅन एनी बॉय इन द क्लास’ असे लिहिले तर रमेशही त्याच वर्गातला मुलगा, म्हणजे तो स्वतःपेक्षाही उंच ठरतो! ही गंमत एका ओळीत सांगता आली असती. सातवीतल्या पोरालाही ती कळते, तो खो खो हसतो आणि पुन्हा जन्मात ‘अदर’ विसरत नाही. पण मग घोकायला काय उरले असते?

आपले औदार्य तर अर्थाच्याही पलीकडचे. ‘रमेश इज ॲज टॉल ॲज सुरेश’ याचे कम्पॅरेटिव्ह आपण देता, ‘सुरेश इज नॉट टॉलर दॅन रमेश’, आणि वर ‘अर्थ न बदलता’ असे आश्वासनही देता. समजा, सुरेश चार इंचांनी बुटका आहे. दुसरे वाक्य तरीही खरेच राहते. पहिले म्हटले तर वर्ग हसेल. अर्थ बदलला आहे, महाराज. तसेच ‘मेनी अदर’ आणि ‘मोस्ट अदर’ आपण एकाच पंगतीला बसवता. साठ मुलांच्या वर्गात पंधरा जणांपेक्षा उंच असणे आणि पंचेचाळीस जणांपेक्षा उंच असणे आपल्याला सारखेच वाटत असेल, तर आपल्या समदृष्टीला दंडवत.

‘लहान शब्दाला ईआर, लांब शब्दाला मोअर’ हा आपला नियमही सुटसुटीत. मुले इमानदारीने अक्षरे मोजतात. ‘स्ट्रेट’च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे, तरी त्याचे होते ‘स्ट्रेटर’. ‘मॉडर्न’मध्ये सहाच, तरी ते ‘मोअर मॉडर्न’. कारण मोजायचे असतात उच्चारातले ठोके. ‘स्ट्रेट’ एका ठोक्यात संपतो, ‘मॉडर्न’ला दोन लागतात. दोन ठोक्यांच्या शब्दांतही ‘हॅपी’, ‘नॅरो’, ‘सिंपल’ ईआर घेतात आणि ‘यूसफुल’, ‘फेमस’ मोअर मागतात. हे कानाने शिकायचे प्रकरण आहे, आणि आपले गाईड मुलांना तोंड उघडू देत नाही. ‘बिग’चा जी दुप्पट करा, एवढेच आपण सांगता. एकच जी ठेवला तर ‘टायगर’सारखे ‘बायगर’ वाचले जाईल, एवढे सांगायला किती शाई लागली असती?

‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि ‘बॅड, वर्स, वर्स्ट’ यांच्याखाली आपण ‘अनियमित, पाठ करा’ अशी तळटीप दिली आहे. अनियमित खरेच, पण मराठी मुलाला त्याची भीती का घालता? ‘जा’चे ‘गेला’ होते, ‘ये’चे ‘आला’ होते, आणि दोन वर्षांचे पोर ते बिनचूक बोलते. दोन वेगळ्या कुळांतले शब्द एका घरात नांदतात, एवढाच प्रकार. ‘वर्स’ तर ‘बॅड’पेक्षा जुना. पूर्वी त्याचा संसार ‘ईव्हिल’शी होता, ‘बॅड’ मागाहून त्या घरात आला.

आणि जे आपण सांगितले नाहीत, त्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात असे मांडले. इंग्रजीही त्याच कुळातली. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे सख्खे भाऊबंद आहेत. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ तर एकाच मुळाची सुपरलेटिव्ह रूपे. गणिताच्या तासाला लसावि-मसावि काढणारे मूल ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ म्हणत सुपरलेटिव्हच वापरत असते. तर-तम भावावरूनच तर आपण तारतम्य म्हणतो! मुलांच्या घरात असलेले हे धन आपण त्यांना दाखवले नाहीत, आणि त्यांना वाटत राहिले की डिग्री ही साहेबाच्या देशातून आलेली परकी बला आहे.

‘मोअर बेटर’ लिहिणाऱ्या मुलाला आपण ‘अक्षम्य चूक’ असा शेरा देता. आजच्या इंग्रजीत ती चूकच, मीही मार्क कापते. पण अक्षम्य म्हणू नका. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी भर सभेत ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ एकाच विशेषणाला लावतो. त्या काळी ते चालत असे; पुढे अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या व्याकरणकारांनी अशा रूपांना बाहेर काढले. त्या मुलाला सूत्र सापडलेले नसते, पण आपले म्हणणे ठासून सांगायची ओढ त्याच्यात असते. ती ओढ मारू नका, एवढे हात जोडून मागते.

पुढच्या आवृत्तीत ती चौकट काढून टाकावी आणि तेवढी जागा कोरी सोडावी. मुले तिथे आपल्या गावातल्या दोन विहिरी, दोन रस्ते, दोन आज्या यांच्याबद्दल आपल्या मनाने लिहितील. चुकतील, मी तपासेन. त्या कोऱ्या जागेसाठी किंमत वाढवलीत तरी चालेल. ते गाईड घ्या, असे मी स्वतः वर्गात सांगेन.



आपली नम्र,
मराठी माध्यमातली एक इंग्रजीची शिक्षिका