पदवीपूर्व सिनेमा

चित्रपटाची पदवी घ्यायला आज बारावीची गुणपत्रिका, पंचाहत्तर टक्के हजेरी आणि दर सहामाहीला परीक्षा लागते. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा स्वतःच घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. प्रवेशअर्ज भरल्याची नोंद नाही. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत शिकले. परीक्षा घेतली ती सेन्सॉरने: ‘सैरंध्री’तला कीचकवध फारच खरा वाटतो म्हणून दृश्य कापायला लावले. विद्यापीठात यालाच बाह्य मूल्यमापन म्हणतात. १९२९ मध्ये कोल्हापुरातच निघालेली ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली. तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. कोल्हापूरच्या पोराला कोल्हापूरचाच धंदा शिकायला पुढे बराच काळ पुण्याची एसटी धरावी लागली.