डॉल्फिनच्या पोटाला भोक नको

हल्ली कुणाकडे गेलं की पाणी विचारायच्या आधी बाथरूम दाखवतात. पूर्वी देवघर दाखवायचे, मधल्या काळात मॉड्युलर किचन आलं, आता ही पाळी. यजमानीणबाई दार उघडतात, दिव्याचं बटण दाबतात आणि बाजूला होऊन आपल्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहतात. आपण ‘अरे वा!’ म्हणायचं असतं. मी म्हणतो. चहा अजून यायचा असतो.

‘‘साधं पांढरं होतं ना, फार उदास वाटायचं हो.’’ खरंय. चार बाय सातच्या खोलीत दहा मिनिटं उदास राहणं कुणाला परवडतं? म्हणून आता तिथे लिंबाच्या फोडी छापलेला पडदा आहे, पोपटी बादली आणि गुलाबी मग आहे, कमोडच्या टाकीवर प्लास्टिकचं रोपटं आहे. यातल्या कशालाही माझी हरकत नाही. माझी हरकत डॉल्फिनला आहे.

डॉल्फिन म्हणजे हायलायटर. टाइल्सच्या दुकानात एकदा जाऊन आलेल्याला जास्त सांगायला नको. खाली डार्क, वर लाइट, मधे हायलायटर हा सिद्धान्त गुजरातेतल्या मोरबीहून ट्रक भरभरून येतो. देशातल्या बहुतेक टाइल्स तिथेच भाजल्या जातात, त्यामुळे नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत आपण सगळे एकाच भिंतीकडे तोंड करून आंघोळ करतो. किचनच्या हायलायटरवर वाफाळती कॉफी, बाथरूमच्या हायलायटरवर समुद्र. समुद्र म्हटला की त्यातून उडी मारणारा डॉल्फिन आलाच, आणि तो हसतच उडी मारणार. नळाला दिवसाआड पाऊण तास पाणी येणाऱ्या घरात हा प्राणी गळ्यापर्यंत निळ्याशार पाण्यात बसून आपल्याकडे बघून हसतो. आपण अंगाला साबण लावून अर्ध्या बादलीचा हिशेब करत उभे. बरं, हे चित्र चार टाइल्सवर मिळून असतं. मिस्त्रींनी त्यातली एक सूतभर खाली बसवलेली असते. म्हणजे तोंड वरच्या टाइलवर हसतंय आणि उरलेला डॉल्फिन खालून स्वतंत्रपणे पोहतोय. एका घरी शेपटीची टाइल उलटी लागली होती. ‘‘ते ॲबस्ट्रॅक्ट आहे,’’ असं मला सांगण्यात आलं.

आपल्याकडे गंगेतला डॉल्फिन २००९ साली राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला. त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, बिचारा आवाजाच्या अंदाजाने वाट काढतो. भिंतीवर डॉल्फिन लावायचाच तर तो लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आंघोळ करणाऱ्याला निदान संकोच तरी वाटणार नाही. पण तो लांब चोचीचा, मातकट रंगाचा, गढूळ पाण्यातला. त्याने खोली उजळत नाही म्हणे.

आता जरा भिंतीवरून नजर खाली आणा. सगळं पाणी दाराशी साचलंय. जाळी समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे लिंबाच्या पडद्यामागे, खडखडीत कोरडी. मी एकदा अशाच एका मिस्त्रींना उताराबद्दल विचारलं होतं. त्यांनी जराही न डगमगता उत्तर दिलं, ‘‘उतार दिलाय साहेब, पाणीच तिकडं जात नाही.’’ मोहेंजोदडोच्या घरांमधून विटांच्या न्हाण्या सापडल्या. चार हजारांहून जास्त वर्षं झाली, पण फरशीला उतार आहे आणि तो नेमका मोरीच्या तोंडाकडे आहे. त्या लोकांकडे लेझर लेव्हल नव्हती. डॉल्फिनही नव्हता, म्हणून कदाचित लक्ष जमिनीकडे राहिलं असेल. आपण लाख-दीड लाख घालून खोली हसरी करतो आणि दारामागे एक वायपर उभा करतो. त्या सबंध खोलीत रंगसंगतीत न बसणारी तेवढी एकच वस्तू, आणि काम करणारीही तीच.

त्यात ही जमीन चकचकीत. का? तर भिंतीला मॅच व्हावी म्हणून. जुन्या मोरीतली शहाबादी फरशी दिसायला काळवंडलेली, पण पाय धरून ठेवायची. ती उखडून भंगाराच्या गाडीवर घातली आणि जागी आरसा अंथरला. आता या आरशावरून घरातल्या आजींनी रोज सकाळी चालत जायचं आहे. या आजींना मी ओळखतो. मुलाची बदली म्हैसूरला होती तेव्हा त्या बेट्टदपूरचा डोंगर चढून मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला गेल्या होत्या. हजारो दगडी पायऱ्या, चढून आल्या आणि उतरूनही आल्या, कुठे पाय घसरला नाही. त्यांना आता स्वतःच्या घरातल्या चार बाय सातची धास्ती आहे.

म्हणून मी सुचवलं की कमोडशेजारी आणि शॉवरखाली एकेक स्टीलचा दांडा बसवा, धरून उठायला. यजमानीणबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी बाथरूममध्ये सलाइनचा स्टँड ठेवायला सांगितलाय. ‘‘छे हो, हॉस्पिटलसारखं दिसेल!’’ अहो, दांडा न बसवल्यावर पुढे हॉस्पिटल जे दिसेल, ते ‘सारखं’ नसेल! खुबा मोडला की महिनोन् महिने आयुष्य पलंगावर जातं, पुष्कळांचं उरलेलं सगळंच जातं, आणि तेव्हा हेच लोक ‘वय झालं होतं’ म्हणून मोकळे होतात. वयाने पाणी दाराशी साचवलं नव्हतं. वय मोरबीला जाऊन चकचकीत टाइल पसंत करून आलं नव्हतं. आवाज चढला असेल माझा, चढू दे. एवढ्या सजावटीत हाताला लागेल अशी एकही गोष्ट पक्की नाही. सोनेरी टॉवेल रॉड आहे, तो डबल टेपने चिकटवलाय. शेल्फ व्हॅक्यूमवर आहे. ‘टाइलला ड्रिल मारायचं नाही’ हा या घराचा कुलाचार.

यजमान समजूतदार. ते टेप घेऊन आले, माप घेतलं. आजींची उंची, कमोडची उंची, हाताचा पल्ला सगळं बघितलं, तर दांड्याचा वरचा स्क्रू बरोबर डॉल्फिनच्या पोटात येत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विषय तिथेच संपला. एका हायलायटरसाठी सबंध बॉक्स घ्यावा लागतो, आणि तो डिझाइन नंबर आता बंद झालाय.

तेव्हा सध्याची व्यवस्था अशी आहे की आजींनी कडी लावायची नाही, आणि सूनबाईंनी बाहेर उभं राहून दर मिनिटाला सांगायचं, ‘‘आई, धरून धरून उठा हं.’’

आतून आवाज येतो, ‘‘कशाला धरू?’’